लाल पिन

(सुरत, १९९६. जरीच्या तारेवर सोन्याचं पाणी चढवायचा कारखाना. दुपारची जेवायची सुट्टी. नवरा इथला वायरमन, बायको तार धुणारी; दोघं टाकीपाशी उभे.)

उषा : मग भेताव म्हणा ना सरळ! मी काय हसणार हाय का?

शालिग्राम : भेत नाही. मीटर हातात फुटलं तवापासनं हात कापतो, त्याला मी काय करू?

उषा : कापत्या हातानं करा. भाईदास शेठ म्हणायलेत, उषाबाई तार नीट धूत नाही, म्हणून माल काळा निघायलाय. सांजच्याला मला हाकलणार! माझ्या हातची तार कधी काळी निघाली, सांगा बरं?

शालिग्राम : तुझं काहीच चुकत नाही गं. करंट जास्त झाला की सोनं करपतं. पण टाकीवरचा काटा वीसच ॲम्पियर दाखवायलाय, म्हंजी बरोबर. अन् शेठचा इश्वास काट्यावर.

उषा : काटाच खोटं बोलत असला तर?

शालिग्राम : असंल. टिचकी मारली तरी हलत नाही मेला.

उषा : मग हे शेठचं मीटर हाय की. घाला मधे अन् मोजा.

शालिग्राम : येडी का तू! ह्याच्यातनं दहा ॲम्पियरच्या वर जात नाही. इथं तीस-चाळीस बी असतील. जळंल ना!

उषा : अन् ते वायरीला विळखा घालणारं? टाँग टेस्टर?

शालिग्राम : मगाशीच घातलं. शून्य.

उषा : शून्य कसलं, वायर तव्यावाणी पोळायलीय!

शालिग्राम : ते एसीचं हाय बाई. टाकी चालती डीसीवर, त्याला दिसत नाही. एक रस्ता हाय... ही पट्टी बघ. शंट म्हणतात हिला. सगळा करंट हिच्यातनं जाऊ द्यायचा. मीटरनं निसतं हिच्या दोन टोकांमधलं इवलंसं व्होल्टेज बघायचं. शंभर ॲम्पियरला पंच्याहत्तर मिलिव्होल्ट. त्यावरनं हिशेब करायचा.

उषा : म्हंजी मीटरला झळ नाही?

शालिग्राम : नाही.

उषा : मग अडलंय कुठं?

शालिग्राम : हाताला कोण सांगंल?

उषा : मी सांगते. हं, टाकी बंद केली मी. बसवा पट्टी. हळू. घाई नाही कुणाला.

शालिग्राम : ...बसली. आवळली बी. कर चालू.

उषा : थांबा. लाल पिन कुठंय?

शालिग्राम : आं?

उषा : मीटरची लाल पिन. कोणत्या भोकात हाय?

शालिग्राम : दहा ॲम्पि... अगं आई गं! हेल्पर मगननं सकाळी तशीच सोडली वाटतं. अन् मी बी बघितलं नाही. मागं मीटर फुटलं ते ह्याच पिनीपायी, पुन्हा तीच चूक झाली असती, उषे!

उषा : झाली नाही ना? बदला.

शालिग्राम : बदलली. व्होल्टच्या भोकात. कर चालू... तीस! तीस मिलिव्होल्ट!

उषा : म्हंजी किती?

शालिग्राम : चाळीस ॲम्पियर! काटा म्हणतो वीस, अन् जातायत चाळीस. दुप्पट! करपणार नाही तर काय? बोलव शेठला, बघू दे डोळ्यांनी.

उषा : बोलवते. पण तुमचा हात बघितला का?

शालिग्राम : ...थांबलाय की गं. पण तुला पिनीचं कुणी शिकवलं?

उषा : तुम्हीच. रोज झोपेत ओरडता, ‘पिन बदल, पिन बदल.’ मी जागीच असते.