सिरपूरला सायकलनं

कॅम्प-1 या कामगार वस्तीतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती.

"बाबा, सिरपूर सव्वाशे किलोमीटर आहे. बसनं जा ना!"

"बसमधून रस्त्यातली गावं कुठं दिसतात, दीक्षा? पस्तीस वर्षं ड्यूटीले सायकलनंच गेलो मी."

"अन् डोक्यावर हे प्लांटचं हेल्मेट कावून?"

"लोखंड पडलं तरी फुटत नाही."

"सिरपूरच्या रस्त्यावर लोखंड पडते का?"

"हसू नको. वाटेत आरंगले मुक्काम करीन, दुसऱ्या दिवशी विहार पाहीन. भिक्खूंच्या विटांच्या खोल्या अजून उभ्या आहेत तिथं!"

"मी तुम्हाले एकटं नाही जाऊ देत."

"मंग चाल सोबत. सोमवारची सुट्टी टाक."

"कालच टाकली."