अकरा बदलले, एक ठेवला

नाही नाही, पिन लावू नका — ती वायर गुंडाळून वर ठेवा, हां, अशी. माहितीये मला, वडिलांचा रेडिओग्राम आहे, चालू होतो का ते बघायचंय — पण वीस वर्षं बंद पडलेली वस्तू अशी एकदम लायनीवर घेत नाहीत, ताई. बसा. लाकूड झकास आहे हो, पॉलिश मारलं की विचारूच नका. आतलं मात्र सगळं काढून टाकू. वाल्व, ट्रान्सफॉर्मर, सगळं. छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवतो, मोबाइलवरून गाणी लावा, बाहेरून कोणाला कळणारसुद्धा नाही. काय? होता तसाच हवा? आधी सगळे तसंच म्हणतात.

पाटी ना? हो, 'रेडिओग्राम मूळ रूपात दुरुस्त करून मिळतील' — मीच रंगवलीये. तीस वर्षं तेच केलं. आतलं उचकटून मोबाइलचं यंत्र बसवणाऱ्यांना मी खाटीक म्हणायचो, तोंडावर. आणि आता मीच — असो. रात्र रात्र जागा असतो मी. वयानं नाही. बायकोनं डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले काही झालेलं नाही, झोपत जा. झोपत जा म्हणे.

खरं सांगू? भीती वाटते. शॉकची नाही हो, शॉक आयुष्यभर खाल्ले. एक बाई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यावर त्यांचा रेडिओग्राम घेऊन आल्या — ह्यांच्या वेळेला वाजायचा तसाच वाजायला हवा, म्हणाल्या. दोन महिने खपलो मी. आत बारा कंडेन्सर होते, जुने, मेणाचे — ते आतून कुजतात, बाहेरून पत्ता लागत नाही. अकरा बदलले. एक ठेवला. तोही मेन लायनीवरचा, जो सगळ्यात आधी बदलायचा असतो, हे मीच चार लोकांना शिकवलंय. मग का ठेवला? मीटरवर बरोबर दाखवत होता म्हणून — नाही, तेही नाही. त्यावर मूळ कारखान्याचा शिक्का होता. मागचं झाकण उघडून कोणाला दाखवलं तर छान दिसला असता. देखणा होता म्हणून ठेवला, बास.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी — बाई आत आडव्या झाल्या होत्या, बाहेर रेडिओग्राम हळू आवाजात चालू. आधी धूर, मग पडदा पेटला. शेजाऱ्यानं दार फोडलं म्हणून वाचल्या. पण दोन्ही हात भाजले — पळाल्या नाहीत हो, त्याला विझवत बसल्या. वायरमन आला, म्हणाला, भिंतीतलं वायरिंग जुनं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. जळका सांगाडा मीच उचलून आणला, म्हटलं काही वाचतंय का बघतो. इथे, ह्याच टेबलावर उघडला. तो कंडेन्सर फुटलेला होता. बाकीचे अकरा नुसते काळवंडलेले, आणि हा पार फुटून उलटा झालेला. बायकोलाही सांगितलेलं नाही मी हे.

दवाखान्यात गेलो होतो, सांगायचंच ठरवून. त्यांच्या हातांना ही मोठी बँडेजं. मला बघून म्हणाल्या, "तुमच्यामुळे तीन आठवडे घरात आवाज होता." झालं — मी खुर्चीत टेकलोसुद्धा नाही, तसाच बाहेर पडलो. तेव्हापासून फोन वाजला की उचलत नाही. दारात अनोळखी माणूस दिसला की वाटतं, कळलं ह्यांना. आत्ता तुम्ही आलात तेव्हाही वाटलं. म्हणून तर एवढा बोलत सुटलोय — अहो, पण माझा पत्ता दिला कोणी तुम्हाला?

त्यांनी?

दवाखान्यातून घरी आल्या बाई? कधी? आणि त्यांनीच सांगितलं, ह्याच्याकडेच न्या, दुसरीकडे जाऊ नका — असंच म्हणाल्या? चिठ्ठी? बघू. हे कोणी लिहिलंय — त्यांनी स्वतः? नाही हो. बाईंचं अक्षर मी पाहिलंय, गाण्यांची यादी दिली होती मला. फळ्यावरचं अक्षर, एका रेषेत. हे असं... हे असं नव्हतं.

घेऊन जा, ताई, रेडिओग्राम. नाही, मोबाइलचंही नाही, काहीच करत नाही मी. टेम्पोवाल्याला थांबवा, लांब गेला नसेल. रागावलो नाहीये, पण उठा आता. दुकान बंद करायचंय मला — बाई दुपारच्या आडव्या व्हायच्या आत त्यांच्या दारात पोचायला हवं.