पांढरं बदक आणि लाल पेन्सिल

...नाही, तुम्हीच सांगा, सुताराच्या कानावर पेन्सिल नाही तर काय डूल असणार? आणि तेवढ्यावरून मला चोरासारखं उभं केलं! मी केलं काय होतं? काहीच नाही!

तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीत वाचनमंडळ आहे. अध्यक्ष कोण, तर आमची ही. म्हणजे मी सभासद झालो नाही, मी आपोआपच होतो! पुस्तक एकच, आठवडाभर एका घरी, मग पुढच्या घरी. आणि नियमही एकच, तोही हिचाच... पुढची गोष्ट फोडायची नाही. फोडली की त्याला पुस्तक बंद.

या खेपेला आली एक जुनी, जाडजूड, अभिजात का काय म्हणतात तसली कादंबरी. त्यात एक मुका दिवेवाला, त्याचं पांढरं बदक, आणि त्या बिचाऱ्यावर मालकाचं चांदीचं घड्याळ चोरल्याचा आळ. शाळेतल्या बाई म्हणाल्या, बदक म्हणजे निष्पापपणाचं प्रतीक आणि त्याच्या पंखांवरची काजळी म्हणजे अन्याय. मी म्हटलं, दिवेवाल्याचं बदक आहे, काजळी लागणारच! सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही घड्याळ मीच ढापलंय.

पण खोटं कशाला बोलू, गोडी लागली हो! त्या मुक्याला कोर्टात उभा करतात, त्याला बोलता येत नाही, आणि बाहेर ते बदक दाराशी बसून राहतं... मी रंधा बाजूला ठेवून वाचत होतो. डोळ्यांत भुसा गेला म्हणून सांगितलं हिला. आता निकाल लागणार, आणि आमचा आठवडा संपला! पुस्तक गेलं औषधवाल्याकडे. सगळ्यांचं झालं की परत आमच्याकडे येणार, म्हणून मी आपला दिवस ढकलतोय.

तर पुढच्या सभेत औषधवाला पुस्तक उघडून उभा. समासात लाल, जाड पेन्सिलीने लिहिलेलं, "उगाच जीव जाळू नका, चोरी मालकाच्या मुलाने केली." हे त्याने सगळ्यांना खणखणीत वाचून दाखवलं. मग फोडलं कुणी? पण नाही, सगळ्यांची नजर माझ्या कानावर!

त्या मुक्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही म्हणून मागच्या सभेत नाक पुसणाऱ्या बाई! त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. भराभर हात वर, आणि निकाल काय, तर पुस्तक पुन्हा याच्या हाती द्यायचं नाही. अरे, मी केलं काय होतं? मी हिच्याकडे बघितलं. ही आपली पायाच्या अंगठ्याकडे बघतेय... तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तिचा एवढासा झालेला चेहरा बघितला आणि माझी जीभच उचलेना. मंडळ म्हणजे जीव की प्राण हो तिचा.

घरी आल्यावर म्हणाली, माझं तर आधीच शेवटपर्यंत वाचून झालेलं, आणि औषधवाल्याचं ब्लडप्रेशर मुळात वर, म्हटलं वाचताना घाबरेल, थोडा धीर द्यावा. पेन्सिल माझ्याच शर्टाच्या खिशातली. मी म्हटलं, जाऊ दे, गुपचूप पुस्तक तेवढं आण, मला निकाल वाचायचाय.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली,

"नका हो झुरू त्या निकालासाठी. फाशी होते त्याला. बदकाचं मात्र मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही वाचा."