भूल मानवली नाही

सर्जन : ...आणि तुम्ही ती चादर सरळ ओढून काढलीत. निर्जंतुक चादर होती, मॅडम. सिस्टरनी खपून अंथरलेली.

भूलतज्ज्ञ : पेशंटपेक्षा चादरीचा कळवळा असलेला सर्जन आजच पाहिला. तिच्याखाली बाईंचं अंग गळ्यापासून मांडीपर्यंत लालबुंद होतं. गांधी उठल्या होत्या.

सर्जन : भूल जास्त झाली की बीपी उतरतंच.

भूलतज्ज्ञ : उतरतं. पण छाती आवळत नाही. बीपी साठवर, नाडी एकशे चाळीस आणि यंत्राला फुफ्फुसात हवा ढकलता येईना. याला ॲलर्जी म्हणतात, हे शिकाऊ पोरांनाही कळतं. तुम्ही मात्र "आटपा, मला एकला दुसरीकडे जायचंय" म्हणत होतात.

सर्जन : निभावलं ना शेवटी?

भूलतज्ज्ञ : ॲड्रिनलिननं निभावलं. पहिल्या डोसला ढिम्म फरक नाही, दुसऱ्याला नाडी हाताला लागली. सिस्टर बाईंचे पाय वर धरून उभ्या, सलाईन धो धो चाललेलं. आणि आपण काय करत होतात?

सिस्टर : सर घड्याळ बघत होते.

सर्जन : सिस्टर, तुम्ही चहा घ्या जाऊन.

सिस्टर : घेतला, सर. गार होता.

सर्जन : हे बघा, मॅडम, कार्डावर "भूल मानवली नाही" लिहा. ऑपरेशन राहिलंय ते गुरुवारी उरकू.

भूलतज्ज्ञ : रक्त तपासणीला गेलंय. महिन्याभरानं ॲलर्जीच्या चाचण्या. तोवर ऑपरेशनआधी टोचायचं तुमचं ते लाडकं अँटिबायोटिक त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहता कामा नये.

सर्जन : वीस वर्षं देतोय मी ते. तुमचीही औषधं गेली होती की.

भूलतज्ज्ञ : गेली होती. त्यांचीही चाचणी सांगितलीय, मी स्वतःला सूट देत नाही. पण ती जाऊन अर्धा तास झाला होता. बीपी कोसळलं तेव्हा तुमचं इंजेक्शन संपून तीन मिनिटं नव्हती झाली. आणि दंडक काय, तर ते सर आल्यावरच द्यायचं. पेशंट नखशिखान्त झाकल्यावर. म्हणजे पुरळ उठलं तरी कुणाच्या डोळ्यांना त्रास नको.

सर्जन : योगायोग आहे.

भूलतज्ज्ञ : सिस्टर, ती फाइल द्या सरांना.

(सिस्टर दोरी बांधलेली जुनी फाइल टेबलावर ठेवतात.)

सर्जन : हे काय?

भूलतज्ज्ञ : याच बाई, दोन वर्षांपूर्वीच्या. पित्ताशयाचं ऑपरेशन. वाचा की, अक्षर तुमचंच आहे.

सर्जन : "बीपी उतरलं. अंग लाल. सलाईनवर सुधारलं. भूल मानवली नाही." ...तेव्हा भूल दुसऱ्यानं दिली होती.

भूलतज्ज्ञ : औषधंही दुसरी होती. तेव्हा आणि आज सारख्या दोनच गोष्टी, ते अँटिबायोटिक आणि तुम्ही. तुमची ॲलर्जी असती तर इलाज सोपा होता.

सर्जन : मग बाईंनी सांगायला नको? फॉर्मवर "ॲलर्जी नाही" लिहिलंय.

भूलतज्ज्ञ : त्यांना कुणी सांगितलं तर ना. आपण पढवलं तेच त्या बोलल्या. सकाळी मला म्हणाल्या, "मला भूल मानवत नाही हो." मी हसले. जुनी फाइल मागवली नाही.

सर्जन : म्हणजे चूक तुमचीही.

भूलतज्ज्ञ : माझीही. कार्डावर पहिल्या ओळीत लिहिलीय, सहीसकट. दुसरी ओळ तुमच्यासाठी सोडलीय.

सर्जन : आणि नाही लिहिली तर?

भूलतज्ज्ञ : तर उद्या कुठल्याशा दवाखान्यात ताप आला म्हणून कुणी हेच टोचेल. तिथे चादर ओढायलाही कुणी नसेल.

सर्जन : ...कशा आहेत आता?

सिस्टर : शुद्धीवर आल्यात. तोंड सुजलंय अजून. माफी मागत होत्या.

सर्जन : कुणाची?

सिस्टर : तुमची, सर. म्हणाल्या, माझ्या अंगालाच मेलं काही मानवत नाही, डॉक्टरांना दोनदा त्रास दिला.

सर्जन : ...कुठेय ती ओळ?

भूलतज्ज्ञ : माझ्या सहीखाली. तारखा दोन्ही घाला.