भिंतीपलीकडची देवी

तुम्ही हसाल, पण आमच्या नंदाताईच्या अंगात देवी आली होती. तेही दीक्षा घेतलेल्या बौद्ध घरात.

सीताबर्डीच्या बाजारात तेव्हा प्लास्टिकच्या रिंगा नवीनच आल्या होत्या. ताईनं मैत्रिणीशी पैज लावली, महिनाभर रोज कमरेत रिंग फिरवायची, पडू द्यायची नाही. एक दिवस शेजारच्या काकूनं कंपाउंडवरून डोकावलं. भिंतीआडची रिंग तिले दिसलीच नाही. दिसली ती केस सोडून, हात वर करून घुमणारी ताई. काकूनं तिथूनच हात जोडले.

"आई, काय पाहिजे वं तुले?"

रिंग पडेल म्हणून ताई थांबेना. घुमतच म्हणाली, "गरम भजे."

मग रोज भिंतीवरून भजे येऊ लागले. शेवटी मी मायले विचारलं, "आपण तर देव सोडले ना?"

माय भजं तोंडात टाकत म्हणाली, "देव सोडले गा. भजे कुठं सोडले?"