आठव्या जनरेशनचं मशीन

नाय नाय मनोजभाऊ, धूळ नंतर पुसा, धूळ काढायला नाय आणला मी हा कॉम्प्युटर दिंडोरीहून नाशिकला — प्रोसेसर बदलायचाय. मला एवढंच सांगा, आत्ता जी नवीन जनरेशन आलीय ती टाकू, का दिवाळीनंतर पुढची येतीय म्हणतात तिच्यासाठी थांबू?... हां, आठवीच. आठवी जनरेशन. घेतलं तेव्हा अख्ख्या दिंडोरीत कोणाकडं असलं मशीन नव्हतं, विचारा कोणालाही — वाल्मीक फोटो स्टुडिओ, स्टँडच्या समोर. द्राक्षवाल्याच्या घरात लग्न निघालं की मंगल कार्यालयाच्या आधी फोन मला. अन् आता हे डबडं. एक क्लिप ओढली की थांबतं. नवरी हार घालायला हात वर करते अन् तिथंच थिजते — मी खाली जाऊन चहा पिऊन येतो, तरी हात वरच. हसू नका, खरं सांगतोय.

बोर्ड पण? का?... सॉकेट बसत नाय. अन् रॅम? ती पण चालायची नाय? म्हणजे नाव प्रोसेसरचं अन् बदलायचं सगळंच — मग जुनं राहिलं काय, हा पत्र्याचा खोका? बदला. सगळं बदला, माझी ना नाय. माझं नाव खराब व्हायलंय भाऊ ह्याच्यापायी. पुंजाराम अण्णांच्या पोरीचं लग्न केलं मी — मागच्या उन्हाळ्यात नाय, त्याच्या आधीच्या. ती पोरगी बाळंतपणाला माहेरी आली, बारसं झालं, बारशाची शूटिंग पण मीच केली, अन् लग्नाचा व्हिडिओ अजून ह्या खोक्यात! परवा अण्णा स्टुडिओत आले. बसले, पाणी प्यायले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण एवढ्या शांतपणे म्हणले, "वाल्मीक, तुला जमत नसलं तर तसं सांग. योगिनीबाई कुठं असतात तेवढं सांग, मी तिकडं नेऊन देतो." म्हणजे माझ्या दुकानात बसून, माझं पाणी पिऊन — कॅमेरा माझा, ड्रोन माझा, पाटी माझ्या नावाची, अन् ह्यांना पाहिजे योगिनीबाई!

ओळखता ना तुम्ही तिला. हार्डडिस्क न्यायला तीच यायची तुमच्याकडं, माझी मिसेस... हां, तीच. येवल्याची. बाप हातमागावर पैठण्या विणायचा, त्यामुळं हिला रंगाचं लय कौतुक. कॅमेरा वांगी रंगाला निळा करतो, तुम्हाला माहितीये ना? करतो. सगळेच कॅमेरे करतात. लोकांना काय कळतंय, म्हणलं, निळी तर निळी. ही बसायची. एकेक शॉट धरून नवरीच्या पैठणीचा वांगी परत वांगी करायची, मी म्हणायचो अगं जेवायचं का नाय आज, तर म्हणायची, "कुठल्या तरी बाईनं मागावर बसून वर्षभर विणलीय, तुम्ही एका मिनिटात निळी करताय." शिकली पण स्वतःच. आधी मी नाशिकला द्यायचो एडिटिंगला, ते महिना महिना लावायचे, तर ही म्हणली मी बघते. मोबाइलवर बघून बघून शिकली. मीच बसवली ना तिला खुर्चीवर, मी नसतं म्हणलं तर बसली असती का?

मशीन? ह्याच मशीनवर. दुसरं कुठलं होतं? हेच... तेव्हा हँग व्हायचं का? आता — तेव्हा — व्हायचं असेल. ती काय बोलायची नाय फारसं. एकदा बोलली होती. उन्हाळा होता, तिनं टेबलफॅन स्वतःकडचा काढून मशीनकडं वळवलेला, अन् म्हणली, पुढच्या जनरेशनचा प्रोसेसर घेऊ या, माझा निम्मा जन्म स्क्रीनवरच्या ह्या सरकणाऱ्या पट्टीकडं बघण्यात चाललाय. मी म्हणलं, जनरेशन काय, दरवर्षी नवी निघतीय, तिच्या मागं कुठवर पळायचं? अन् बरोबरच होतं ते! त्या साली दुसरा ड्रोन घेतला. ड्रोन दिसतो भाऊ. मांडवावरनं ड्रोन गेला की हजार माणूस मान वर करतं. प्रोसेसर कोणाला दिसतोय?

नाय, त्यावरनं नाय गेली. एवढ्यावरनं कोणी जातं का? ती गेली — तुम्ही स्क्रू काढा ना, तुमचं काम चालू द्या, मी आपला बोलतोय — एका रिसेप्शनला आम्ही दोघं गेलो होतो. पाव्हण्यांसारखे, नटून. आपला व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावला त्यांनी. बिदाईचा सीन असा कापला होता... बापाचा चेहरा दाखवलाच नव्हता, नुसता हात, पोरीच्या पाठीवरनं निसटणारा. सगळी माणसं रडायला लागली. मला स्टेजवर बोलवलं, शाल दिली, अन् नवरदेवाचा मामा माइकमधनंच विचारतो, "एडिटिंग कोण करतं हो तुमच्याकडं?" आता माइक तोंडासमोर, एवढी माणसं — मी म्हणलं, आहे एक पोरगा ठेवलेला, नाशिकला. निघून गेलं तोंडातनं. धंद्यात बोलावं लागतं असं. बायको करते म्हणलं की लोकांना वाटतं घरगुती काम आहे, भाव पाडतात, तुम्ही पण धंदेवाले आहात, तुम्हाला कळतंय. ती समोरच बसली होती, पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवत होती. ते ऐकल्यावर पण वाजवत होती, थांबली नाय, तेच मला अजून कळत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर बसली, हातातलं एक लग्न होतं ते पुरं केलं, पेनड्राइव्ह माझ्या चहाच्या कपाजवळ ठेवला, अन् नाशिकच्या एसटीत बसली. भांडण नाय, काय नाय. मी म्हणलं येईल चार दिवसांनी. तिच्या भावाला फोन केला, तो म्हणतो, दाजी, ती कामाला लागलीय तिकडं, बरी आहे. बरी आहे! मी काय वाईट ठेवली होती?

काय म्हणता?... प्रॉक्सी? ती काय भानगड? मोठ्या क्लिपच्या आधी छोट्या फायली करायच्या, त्यावर कापाकापी करायची अन् शेवटी मोठ्या जोडायच्या... हां. हां, असं काहीतरी करायची ती. सकाळी लावून द्यायची अन् भाकऱ्या टाकायला जायची. मी ओरडायचो, म्हणलं, कामाला हात लावायच्या आधीच मशीन कशाला गुंतवून ठेवते? कशासाठी करते ते नाय विचारलं. तिनं पण नाय सांगितलं — सांगायला नको का? नवरा आहे ना मी!

करून दाखवताय? दाखवा. अण्णांच्या पोरीचंच उघडा, ते वरचं फोल्डर, दोनतीन क्लिपाच करा... चाललं. थांबलं नाय. हार घातला. ... पुढं घ्या बघू. सप्तपदी. अडकत नाय कुठंच. बंद करा. नाय, बंद करा म्हणलं ना. आणलं एवढ्या लांब, तुम्हाला नवीन विकायचं का नाय विकायचं? लोक गिऱ्हाईकाच्या गळ्यात घालतात अन् तुम्ही म्हणताय गरज नाय. मला पाहिजे. नवीनात नवीन पाहिजे. ती — तिचं पण तुमच्याकडंच येणं आहे ना अजून? स्वतःचं सुरू केलंय म्हणे तिनं, पंचवटीत खोली घेऊन. मशीन तुमच्याकडनंच नेलं असेल. मला फक्त सांगा कुठलं नेलं. माझं त्याच्या वरचं पाहिजे, एक जनरेशन तरी वरचं. मग बघू म्हणावं, मग तिलाच वाटेल की —

काय? सांगा ना. धंद्यातली गोष्ट आहे, मी काय तिथं जाऊन भांडणार नाय.

सेकंडहँड.

कुठली जनरेशन?... सातवी. सातवी म्हणजे ह्याच्या आधीची. अन् त्याच्यावर करते ती सगळं? शहरातली लग्नं, पार पुण्याची कामं?

... कधी विचारलं का तिनं माझ्याबद्दल? येते तेव्हा? सहज आपलं, कसे आहेत वगैरे?

बरं.

लावा ते झाकण. नाय, काय नाय बसवायचं. पुढची पण नको, ही पण नको. बघण्याचे काय होतील ते घ्या अन् द्या इकडं... मी उचलतो, मला येतं उचलता. अन् मनोजभाऊ, ती आली तर मी आलो होतो हे बोलू नका. किंवा बोललातच तर सांगा, नवीन बसवून गेला. एकदम वरच्यातलं. काय बघताय? दार धरा जरा.