अँथुरियमचा कूलर

हट्टाचं म्हणाल तर एक सांगतो. मे महिन्यात बायको बहिणीकडे नागपूरला निघाली आणि तिचं कुंडीतलं लाडकं अँथुरियम माझ्या हवाली करताना म्हणाली, "तुमाले आजवर तुळस जगवता आली नाही. हे तरी जितं ठेवा."

मी म्हटलं, "जितं कसलं, फूल आणून दाखवतो."

भिलाईच्या उन्हानं आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. घरातला एकुलता एक कूलर मी कुंडीकडे वळवला. वाऱ्याच्या वाटेत माझी खाट येत होती, म्हणून ती व्हरांड्यात काढली.

शेजारच्या शोभाबाईंना हे फार दिवस बघवलं नाही. त्यांनी नागपूरला फोन लावला, "वहिनी, भाऊजी भर दुपारी बाहेर घामाघूम पडून राहतात, अन् आत कूलर चालूच असते. घरात कोण येऊन राहिलं जी?"

दुसऱ्या दिवशी बायको हजर. माझ्याकडे न बघता तरातरा आत गेली. लालभडक फूल गार वाऱ्यात डुलत होतं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर माझ्या खाटेपाशी आली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "सरका जरा तिकडं. अजून एक कळी येऊन राहिली."